पडद्यावरचे न्यूरोडायव्हर्जंट लोक आणि त्यांच्या मागे वाजणारं संगीत

खालचा_फेडर (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

मी ध्वनिसंपादक आहे. चित्रपट-मालिकांचे आवाज निवडायचे, साफ करायचे, एकमेकांत मिसळायचे, हे काम. ३४व्या वर्षी ऑटिझम आणि एडीएचडी (लक्षावर ताबा न राहणं) दोन्हीचं निदान झालं. म्हणजे मी न्यूरोडायव्हर्जंट, बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या मेंदूचा. सध्या हातात एक लघुपट आहे. त्यात एक ऑटिस्टिक मुलगी वर्गात बसलीय, गोंगाट असह्य होतो आणि ती टेबलाखाली जाऊन बसते. या दृश्यासाठी दिग्दर्शकाची सूचना एका ओळीची: "इथे ते नेहमीचं कुंऽऽऽ टाक."

ते नेहमीचं कुंऽऽऽ तुम्ही शंभरदा ऐकलंय. सगळे आवाज पाण्याखाली गेल्यासारखे दबतात, कानात बारीक शिट्टी सुरू होते, खाली हृदय धडधडतं, चेहरे धूसर होतात. बॉम्ब फुटल्यावर सैनिकाला हेच ऐकू येतं, दारू चढलेल्याला हेच, चक्कर आलेल्याला हेच. आता आम्हालाही हेच.

माझं डोकं असं वाजत नाही. माझ्याकडे काही दबत नाही, सगळं लख्ख ऐकू येतं आणि तीच पंचाईत आहे. समोरच्याचं बोलणं, फ्रीजची घरघर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, मागच्याची शर्टाची बाही टेबलावर घासतेय ती, कुणाचं तरी टिकटिकणारं पेन. सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, एका रेषेत. तुमच्या डोक्यात एक मिक्सिंगवाला बसलेला असतो, तो न सांगता फ्रीज खाली ओढतो. माझा कामावर आलेलाच नाही. 'कानामागे टाकणे' म्हणतो ना आपण, ती सोय माझ्या कानात बसवायची राहून गेलीय.

आणि हे सगळं 'मोठा आवाज' म्हणून दाखवतात! आवाज मोठा नसतोच हो. मीटर लावला तर साध्या गप्पांएवढा भरेल, ६० डेसिबलच्या आसपास.

दुसरी तक्रार पार्श्वसंगीताची. असं पात्र खोलीत आलं की व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडून टुक-टुक-टुक. म्हणजे हसा, पण प्रेमानं. तेच पात्र रडलं की एकटा पियानो, दोन सुरांमध्ये भरपूर अंतर. म्हणजे आता वाईट वाटून घ्या. नायकाला स्वतःची धून मिळते. आम्हाला मिळते ती आमच्याकडे बघणाऱ्याची.

बहिरेपण आतून कसं ऐकू येतं हे 'साउंड ऑफ मेटल'नं (२०१९) करून दाखवलं, ध्वनीचं ऑस्करही मिळवलं. आमच्या बाबतीत असं कुठे सापडलंय का तुम्हाला? चित्रपट, मालिका, गाणं, काहीही चालेल.


वैजू_वाचनमात्र

एरवी फक्त वाचते, आज राहवलं नाही. एडीएचडी, निदान ४१व्या वर्षी. त्याआधी मी 'वेंधळी' होते.

पडद्यावर एडीएचडी म्हणजे वर्गात बाकांवरून उड्या मारणारा मुलगा. मी आयुष्यात बाकावरून उडी मारलेली नाही. मी खिडकीशी बसून एकाच गाण्याच्या एकाच ओळीत तीन आठवडे अडकायचे. अजूनही अडकते. त्या ओळीतला एक विशिष्ट श्वास ऐकायचा असतो, बाकीचं गाणं त्यासाठी सहन करायचं. नवऱ्यानं हेडफोन आणून दिले ते प्रेमापोटी की आत्मरक्षणासाठी, ते विचारलेलं नाही.


मूळपद

धागा उत्तम. शब्दांविषयी थोडेसे.

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास वापरला तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात, बाहेरच्या जगापासून तुटून आत वळण्यासाठी. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. लिओ कॅनर यांनी १९४३ साली मुलांच्या संदर्भात तोच उचलला, आणि मराठीत त्याचे 'स्वमग्नता' झाले. म्हणजे भाषांतर चोख, पण मुळातलीच चूक चोख उतरली. धागाकर्त्याने केलेले वर्णन वाचा: हा मनुष्य स्वतःत मग्न कुठे आहे? सबंध खोली त्याच्यात घुसली आहे आणि दार लागत नाही.

दुसरे असे की एकट्या व्यक्तीला 'न्यूरोडायव्हर्स' म्हणू नये. 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही कल्पना १९९० च्या दशकाच्या अखेरीस ज्युडी सिंगर आदींच्या लेखनातून पुढे आली, ती सगळ्या मेंदूंच्या एकत्रित वैविध्याविषयी आहे. बहुसंख्यांपेक्षा वेगळा मेंदू असलेल्याला 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणावे. हा शब्द कॅसियान असासुमासू यांचा.


झटकेबाज

@मूळपद, +१, पण आमच्या घरी मला अजूनही 'नाटकी' म्हणतात, त्याचंही मूळपद सांगा.

टुरेटवाला आहे मी, म्हणजे झटके आणि आवाज आपोआप निघतात, त्यांना टिक्स म्हणतात. मान, डोळा, आणि घशातून एक आवाज, बेडकाच्या लांबच्या नातेवाईकासारखा. चित्रपटात टुरेट म्हणजे शिव्या. शिव्या देण्याची टिक साधारण दहातल्या एकाला असते, पण पडद्यावर दहाच्या दहा जण आईबहिणीवरून सुरू. कारण उघड आहे, ते विनोदाला बरं पडतं. माझ्या बेडकावर कोण हसणार.

संगीतात मात्र एक गोष्ट बघितली ती विसरत नाही. लुईस कपाल्डी, स्कॉटिश गायक. २०२२ मध्ये त्यानं टुरेट असल्याचं सांगितलं. जून २०२३ ला ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मंचावर शेवटच्या गाण्यात त्याचा आवाज आणि खांदे त्याच्या ताब्यात राहिले नाहीत. तो थांबला. खालच्या हजारो लोकांनी गाणं उचललं आणि पूर्ण केलं. मागे पियानो वाजत होता, पण कुणी 'आता रडा' म्हणून लावलेला नव्हता, गाण्यातलाच होता. त्यानंतर तो सुट्टीवर गेला आणि २०२५ ला त्याच मंचावर परत आला.

आता खाजगी. ड्रम्स वाजवताना माझ्या टिक्स जवळपास बंद होतात. वाजवणं थांबवलं की व्याजासकट परत. हे कुठल्या चित्रपटात दाखवलं तर शेवटी मला स्पर्धा जिंकायला लावतील म्हणून दाखवू नका.


तिहाई

'रेन मॅन'ला (१९८८) शिव्या घालायची पद्धत आहे, त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत. पण फेडरभाऊंनी संगीताचा मुद्दा काढला म्हणून सांगतो, तो चित्रपट पुन्हा एकदा फक्त कानांनी बघा. हान्स झिमरचं काम, त्याचं पहिलं ऑस्कर नामांकन. दोन भावांची गोष्ट, एक ऑटिस्टिक, रडवायला रान मोकळं. तरी व्हायोलिनांचा पूर नाही. सिंथेसायझर आणि स्टील ड्रम्स. कुठल्याच गावाचं नसलेलं, जरा परकं, चालत राहणारं संगीत. पात्राला जग जसं अनोळखी वाटत असेल तसं ते वाजतं. १९८८ ला हे केलेलं आहे, आणि आज तुझा दिग्दर्शक कुंऽऽऽ मागतोय.

लोच्या वेगळ्याच जागी झाला. पटकथाकार बॅरी मॉरो यांना ज्यांना भेटून हे पात्र सुचलं ते किम पीक ऑटिस्टिक नव्हते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम त्यांच्यात जन्मतःच नव्हता, आणि स्मरणशक्ती अचाट. म्हणजे एका पिढीनं ऑटिझम ज्या माणसावरून ओळखला त्याला ऑटिझम नव्हताच. आणि तेव्हापासून प्रत्येक ऑटिस्टिक पात्राला काहीतरी अचाट यावंच लागतं. 'सॅव्हंट' म्हणतात त्याला (आडनाव नव्हे).

एक गोष्ट मात्र आवडते. मॉरोंनी आपली ऑस्करची बाहुली पीकना देऊन टाकली. ते ती घेऊन हिंडायचे आणि भेटेल त्याच्या हातात द्यायचे. इतक्या लोकांचे हात लागलेली ऑस्कर क्वचितच असेल.


सरळमार्गी

थोडा विरोधी सूर लावतो, हलके घ्या.

तुम्हा लोकांना अचाट गुणाचा एवढा राग का? 'तारे जमीन पर' (२००७) आला तेव्हा मी आठवीत होतो. त्याआधी घरात माझ्यासाठी एकच शब्द होता, 'आळशी'. चित्रपट बघून आल्यावर वडील रात्री माझी वही घेऊन बसले. काही बोलले नाहीत, नुसती पानं उलटत होते. दुसऱ्या आठवड्यात तपासणीला नेलं. डिस्लेक्सिया निघाला, वाचता-लिहिताना अक्षरं गोंधळतात तो. तो मुलगा शेवटी चित्रकलेची स्पर्धा जिंकतो म्हणून तुम्ही नाकं मुरडता, पण तो जिंकला नसता तर वडिलांनी वही उघडली असती का, मला शंका आहे. आधी दार उघडायला हवं. मग आतली मांडणी बघू.


वैजू_वाचनमात्र

@सरळमार्गी, वडिलांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. एकच विचारते, तुम्हाला चित्रकला येत होती?


सरळमार्गी

नाही.

(हो, कळलं तुम्हाला काय म्हणायचंय. पुढचं एक वर्ष मला रंगांचे खोके भेट मिळत होते.)


निळी_छत्री

माझी मुलगी १२ वर्षांची आहे. ऑटिस्टिक, बोलत नाही. टॅबवरची चित्रं दाबते, टॅब बोलतो. हा धागा मी तिच्या शेजारी बसून वाचतेय. तिचा तानपुरा चालू आहे, म्हणजे फोनवरचं ॲप. सकाळी सुरू होतो, रात्री बंद. पाहुण्यांना वाटतं आम्ही गाणारं घराणं. तो एक अखंड आवाज बाकीच्या आवाजांना झाकून टाकतो असा माझा अंदाज. फेडरभाऊ, तुमचं वाचल्यावर पहिल्यांदा त्याचं कारण कळल्यासारखं झालं. तिला विचारलं तर ती 'छान' दाबते, पण 'छान' ती सगळ्यालाच दाबते.

तिच्यासारखं पडद्यावर कुणी नसतं. न बोलणारं मूल असलंच तर ते आईच्या दुःखाचं सामान म्हणून असतं. शेवटी एक शब्द बोलतं, मग संगीत वर. मला त्या शेवटच्या शब्दाची भीती वाटते, कारण त्यानंतर ओळखीतले सगळे विचारतात, "तुमची बोलायला लागली का?"

अपवाद दोन. पिक्सारचा 'लूप' (२०२०) हा छोटा ॲनिमेशनपट. त्यातल्या न बोलणाऱ्या रेनेला आवाज दिलाय मॅडिसन बँडी या न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलीनंच, आणि ध्वनिमुद्रण तिच्या घरी जाऊन केलं. रेनेचे हुंकार कुणी नट घशातून काढलेले नाहीत. माझ्या मुलीनं पहिल्या हुंकारालाच मान वर केली होती.

दुसरी 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमातली ऑटिस्टिक बाहुली ज्युलिया, २०१७ पासून टीव्हीवर. तिला हलवणारी बाहुलीकार स्टेसी गॉर्डन स्वतः एका ऑटिस्टिक मुलाची आई आहे. ज्युलियाला हातांच्या दोन जोड्या आहेत, एक नेहमीची आणि एक ऑटिस्टिक मुलांसारखी फडफडवायची. कुणीतरी कापड बेतताना मुद्दाम दुसरी जोडी शिवली. मला त्या शिवणाऱ्या माणसाचं नाव माहीत असतं तर पत्र लिहिलं असतं.


नट_बोल्ट

एवढा काथ्याकूट? अभिनय म्हणजे दुसऱ्याचं होणंच ना? उद्या खुनी दाखवायला खुनी आणणार का?


तिहाई

खुन्यांना कामं मिळत नाहीत अशी तक्रार ऐकलेली नाही अजून. ऑटिस्टिक नटांची आहे. कथेचा नायक ऑटिस्टिक असलेलं एक गाजलेलं नाटक २०१२ पासून चालू होतं, पण अमेरिकेत ती भूमिका जाहीरपणे ऑटिस्टिक असलेल्या नटाला, मिकी रोला, मिळाली २०१७ साली. आणि 'हार्टब्रेक हाय' या मालिकेत (२०२२) क्लोई हेडन आहे, ऑटिस्टिक नटी ऑटिस्टिक भूमिकेत. तिचं पात्र घरी आणि बाहेर दोन वेगवेगळ्या चेहऱ्यांनी वावरतं. 'मास्किंग', म्हणजे आपलं वेगळेपण लपवत वावरणं, आतून माहीत असलेल्या माणसाचं काम आहे ते. बाहेरून बघणारा नट फक्त फडफडणारे हात उचलतो, ते रोखून धरणं त्याला दिसतच नाही.


वाकडी_मात्रा

सियाचा विषय निघाला नाही अजून? मग मीच काढते आणि धाग्याचं काश्मीर करते.

गायिका सियाचा 'म्युझिक' (२०२१). ऑटिस्टिक मुलगी नायिका, भूमिकेत ऑटिस्टिक नसलेली नर्तिका. मुलीला आवरायला तिच्यावर झोपून दाबून धरण्याचं दृश्य, जे प्रत्यक्षात जिवावर बेतू शकतं. मुलीच्या मनातलं म्हणून जी गाणी आहेत ती भडक रंग, झगमगते दिवे, भराभर कट. ज्यांच्या मनातलं म्हणून दाखवलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ते बघवेना. याला दोन गोल्डन ग्लोब नामांकनं! ओरड झाल्यावर सियानं माफी मागितली.


नट_बोल्ट

आणि २०२३ ला तीच सिया म्हणाली की ती स्वतः ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे. आता बोला. आतल्या माणसानंच केलेलं निघालं की.


वाकडी_मात्रा

निघालं. मग? मीही ऑटिस्टिक आहे, मला दुसऱ्या ऑटिस्टिक माणसाच्या डोक्यातलं आपोआप कळत नाही. तिला कदाचित दिवे आवडत असतील. तिनं स्वतःचं डोकं स्वतःचं म्हणून दाखवलं असतं तर मी बघितलं असतं. तिनं दाखवलं दुसरीचं, न बोलणारीचं, आणि त्या गटातल्या लोकांनी हात वर केल्यावर आधी भांडली.

तरी एक कबूल करते. त्या वेळी मी तिच्याबद्दल जे लिहिलं होतं ते आज वाचवत नाही. 'हिला काय कळणार आमचं' असं लिहिलं होतं.


निळी_छत्री

तिच्या चित्रपटातलं ते दाबून धरणं माझ्या मुलीवर एका ठिकाणी प्रत्यक्ष झालंय. यावर मी आणखी लिहिणार नाही.


संपादक_मंडळ

नट_बोल्ट, वाकडी_मात्रा, वैयक्तिक रोखाचे दोन प्रतिसाद काढले आहेत. कृपया विषयावर राहावे.


अतिद्रुत

पियानोवादक ग्लेन गूल्डचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? घडी घालता येणारी ती बुटकी खुर्ची जन्मभर सोबत, उन्हाळ्यात ओव्हरकोट, १९६४ नंतर मैफिली कायमच्या बंद, स्टुडिओत स्वतःला कोंडून घेतलं. बाखच्या ध्वनिमुद्रणांत मागे तो गुणगुणताना ऐकू येतो. शंभर टक्के ऑटिस्टिक.


मूळपद

शंभर टक्के हे प्रमाण मृतांच्या बाबतीत फार सहज निघते. गूल्ड १९८२ साली गेले. त्यांना कोणी विचारले नाही आणि आता ते सांगू शकत नाहीत. जिवंत माणसे सांगतात तेव्हा मात्र आपण म्हणतो, 'तुझ्याकडे बघून वाटत नाही'. गायिका सुझन बॉयल यांचे उदाहरण घ्या. २००९ साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या टीव्ही स्पर्धेच्या मंचावर त्या आल्या तेव्हा त्यांनी गाणे सुरू करण्याआधीच कॅमेऱ्याने प्रेक्षकांतले डोळे फिरवणारे चेहरे टिपले, आणि ते संकलनात मुद्दाम ठेवले. लहानपणी त्यांना जन्मावेळी मेंदूला इजा झाल्याचे सांगण्यात आले होते. ॲस्पर्गरचे (ऑटिझमच्याच एका प्रकाराचे) निदान त्यांनी जाहीर केले २०१३ मध्ये. ती पहिली चित्रफीत आता आवाज बंद करून बघा. विषय गाण्याचा नाहीच, चेहऱ्यांचा आहे.


अतिद्रुत

बरं, शंभर टक्के मागे घेतो. पण फेडरसाहेब, गुणगुणण्याचं तांत्रिक सांगा. ते काढता आलं नसतं का?


खालचा_फेडर

तेव्हा नाही. पियानोच्या सुरांत मिसळलेला माणसाचा आवाज वेगळा काढायचा म्हणजे पियानोचं कातडं सोलायचं. आज प्रयत्न करता येतो. मला कुणी सांगितलं तर मी नकार देईन. तो स्वतःशी जे करत होता त्याच्यासकट ते वाजवणं आहे.

बाकी सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, एकेकाला उत्तर द्यायला बसलो की कामं राहतात. @निळी_छत्री, तानपुऱ्याबद्दल: मीही मिक्स करताना कानात खूप हलका पावसाचा आवाज लावून ठेवतो. दिग्दर्शकाला सांगितलेलं नाही.


खालचा_फेडर

नऊ दिवसांनी परत आलोय.

त्या दृश्याचे दोन मिक्स केले. एक नेहमीचा कुंऽऽऽ वाला. दुसऱ्यात काहीही दाबलं नाही, काहीही वाढवलं नाही, फक्त बाईंचं शिकवणं खाली आणून पंखा, बाक, वही, पेन यांच्या रांगेत बसवलं. संगीत शून्य. दिग्दर्शकानं दुसरा ऐकला आणि म्हणाला, "बाई काय बोलतायत ते कळत नाहीये. मिक्स चुकलाय." म्हटलं, मुलीलाही कळत नाहीये. तो म्हणाला, "प्रेक्षकाला वाटेल थिएटरचे स्पीकर खराब आहेत." ही शंका खोटी नाही, मीही अर्धी रात्र त्यावरच काढली होती.

शेवटी असं ठरलं: सुरुवातीला तीन सेकंद कुंऽऽऽ, म्हणजे लोकांना कळेल की आता काहीतरी होतंय. मग अकरा सेकंद माझं. मग ती टेबलाखाली जाते तिथे पियानो हवाच म्हणाला. तो मी वाचवू शकलो नाही. पण टेबलाखाली गेल्यावर पहिले चार सूर काढून टाकले, तिथे नुसता तिचा श्वास आहे.

अकरा सेकंदांचा तुकडा परवानगी घेऊन खाली जोडलाय. हेडफोन लावून ऐका.


झटकेबाज

ऐकलं. पाचव्या सेकंदाला बेडूक सुरू झाला, सातव्याला हेडफोन काढले. अभिनंदन, बहुतेक.


सरळमार्गी

मला स्पीकर खराब वाटले. दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा बाईंचं एक वाक्य पकडायला गेलो आणि ते मिळेपर्यंत पुढची दोन निसटली. वर्गात माझं असंच व्हायचं, पण अक्षरांच्या बाबतीत.


निळी_छत्री

मुलीला ऐकवू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी मीच तिच्या शेजारी बसून ऐकत होते, स्पीकर अगदी बारीक. तिनं तानपुरा बंद केला. टॅबवर 'छान' दाबलं नाही. 'पंखा' दाबलं.


वैजू_वाचनमात्र

फेडर, ते पेन कोण टिकटिकवतंय? चित्रात कुणाच्याच हातात दिसत नाही.


खालचा_फेडर

मी. आवाज रेकॉर्ड करताना हातात होतं. नंतर लक्षात आलं, पण काढलं नाही.